घरातच प्रवासाला गेलेला गोळाफेक्या

हाउकीलुओमा गावात माणूस पन्नाशीला आला की त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात. पहिला, घरी थांबून अख्ख्या गावाला कॉफी पाजायची. सकाळी अंगणातल्या खांबावर झेंडा चढतो, दुपारपासून माणसं ठेवणीतले कपडे घालून येतात, ओळीनं हात मिळवतात, आणि मग कुणीतरी घसा खाकरून उत्सवमूर्तीची तोंडावर स्तुती करतो. ती उभं राहून ऐकावी लागते, खुर्चीत बसून ऐकलेली चालत नाही. दुसरा रस्ता म्हणजे जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आठवडाभर आधी एक ओळ छापून आणायची : ‘वाढदिवशी प्रवासात आहे.’ ओळ छापून आली की माणूस प्रवासात असतो. तो खरोखर कुठं गेला का, असं कुणी विचारत नाही. बहुतेक जण पडदे ओढून घरातच बसतात आणि जाणारे-येणारे त्या घराकडे न बघता पुढे जातात. दोन्ही बाजू आपापलं काम चोख बजावतात.

तैस्तो हुक्कालानं ऑक्टोबरात ती ओळ छापून आणली, तेव्हा त्याच्या बायकोला, सायमीला, ती सकाळच्या कॉफीबरोबर वाचायला मिळाली.

“कुठं चाललोय आपण?” तिनं विचारलं.

“कुठं नाही.”

“नाही, बॅग भरायची झाली तर गरम कपडे घ्यायचे की पातळ, म्हणून विचारलं.”

सायमीच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. तैस्तोला तो राग वाटला. ती एवढंच म्हणाली, की हे तू मला आधी विचारायला हवं होतंस. पुढचे दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. त्या घरात हा फरक लक्षात यायला तसा वेळच लागतो.

तैस्तो घाबरला होता तो उजव्या हातामुळे. हा हात एकेकाळी देशाचा होता. सात उन्हाळे राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्याइतका लांब गोळा कुणी फेकला नाही, एकदा तर युरोपात तिसरा आला, आणि स्वीडनशी होणाऱ्या सामन्यात त्यानं स्वीडिश गोळाफेक्यांना इतक्यांदा मागं टाकलं, की बाकी काही केलं नसतं तरी गावानं त्याला जन्मभर कॉफी पाजली असती. आता तो हात छातीच्या वर जात नव्हता. खांद्यात काय उरलं होतं ते डॉक्टरांनी त्याला फोटो धरून दाखवलं, तेव्हा तैस्तोनं मान हलवली होती. त्याला तो फोटो गेल्या वर्षीच्या वादळात पडलेल्या कोठारासारखा दिसला. कप तो डाव्या हातानं उचलायचा. घरात हे चालून जातं. पण रांगेनं हात मिळवायला आलेल्या गावापुढे, आणि त्यातही ओइवापुढे, ज्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि जो नट आवळायचा पानाही हलकेच उचलून दाखवायचा पण माणसाचा हात मात्र पान्यासारखा आवळायचा, हे झाकणार कसं?

हे झालं सांगण्याजोगं कारण. दुसरं त्यानं सायमीलाही सांगितलं नव्हतं. त्या रांगेत नेस्तोरी असणार होता.

नेस्तोरी दूधसंघाची लॉरी चालवायचा. सकाळी रस्त्याकडेच्या लाकडी ओट्यांवर ठेवलेले दुधाचे कॅन गोळा करत गावोगाव फिरायचा. एका पहाटे हुक्कालांच्या ओट्याशी पोरसवदा तैस्तो उभा होता, आणि त्यानं भरलेला कॅन उचलून न ठेवता लॉरीवर ढकलून दिला. म्हणजे जमिनीवरून, खांद्याच्या जोरावर, वरच्या वर. दूध सांडलं नाही. नेस्तोरी लॉरीतून उतरला, कॅनाचं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, “डावा पाय उशिरा टेकलास.”

तिथून पुढची वीस-एक वर्षं तो तेच म्हणत राहिला.

त्या भागात भाला फेकणाऱ्याला मान. गोळा म्हणजे ज्याला भाला जमला नाही त्याची सोय, असं लोक उघड म्हणायचे. नेस्तोरीलाही तरुणपणी भालाच फेकायचा होता. ते का राहिलं हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि विचारण्याची कुणाची छाती झाली नाही. त्यानं गावच्या लोहाराकडून गोळा करून घेतला. हिवाळ्यात सराव गवताच्या कोठारात चाले. बाहेर इतकी थंडी असायची, की लोखंड मानेला लावलं तर कातडी घेऊनच सुटायचं. म्हणून गोळा लोकरीच्या मोज्यात घालून सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, वरच्या फळीवर तापत ठेवायचा, आणि तो पुरता गरम झाला की नेस्तोरी तो पोटाशी धरून अंगणातून कोठाराकडे पळत सुटायचा, नुकतं जन्मलेलं कोकरू घेऊन पळावं तसा. गार व्हायच्या आत जेवढ्या फेकी होतील तेवढ्या. मग परत फळीवर. वाट बघताना दोघं सौनाच्या पायरीवर बसायचे. बोलायचे नाहीत. तैस्तोच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तास तेच होते, पण हे त्याला खूप नंतर कळलं, आणि कळल्यावर त्याचं करायचं काय हे कळलं नाही.

युरोपातून पदक घेऊन तो आला तेव्हा स्टेशनवर बँड होता, पाद्री होते, लहान मुली फुलं घेऊन उभ्या होत्या. गर्दी पांगल्यावर नेस्तोरी आला. पदक हातात घेऊन त्यानं उलटसुलट करून पाहिलं, दुधाच्या कॅनाचं झाकण पाहावं तसं. “तिसऱ्या फेकीला डावा पाय,” एवढं बोलून त्यानं ते परत दिलं. तैस्तो म्हणाला, “हो.” तो पाय खरंच उशिरा टेकला होता. बाकीचं गाव त्याला काय काय म्हणालं ते तो दुसऱ्या दिवशीच विसरला.

गावानं मात्र हात आखडता घेतला नाही. पंचायतीनं ठराव करून त्याला घरासाठी जमीन दिली, खेळाच्या मैदानाला लागून, म्हणजे सरावाला लांब जायला नको. हेतू चांगलाच होता. हात गेल्यावरही ती जमीन तिथंच राहिली. गोळाफेकीचं वर्तुळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर दिसायचं. त्यात उन्हाळ्यात गवत उगवायचं आणि तैस्तो, जो आता पंचायतीचा ट्रॅक्टर चालवायचा, ते स्वतःच कापायचा.

तैस्तोला एकदाच, उभ्या जन्मात एकदाच, नेस्तोरीच्या तोंडून कौतुक ऐकायचं होतं. ‘बरा होतास’ एवढं पुरे होतं. आणि ते सगळ्या गावासमोर उभं राहून ऐकायचं नव्हतं, कारण तो ‘डावा पाय’ म्हणाला असता तर? किंवा काहीच म्हणाला नसता, नुसता कॉफी पिऊन गेला असता तर? पन्नास वर्षांच्या माणसानं याला घाबरावं हे हास्यास्पद आहे, असं तैस्तोला स्वतःलाही वाटत होतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत ओळ लिहून देताना त्यानं ते मनाशी कबूलही केलं. आणि ओळ दिली.

वाढदिवस शनिवारी आला. शनिवार म्हणजे सौनाचा दिवस, आणि प्रवासात असलेल्या माणसाच्या सौनातून धूर निघू शकत नाही. चुलीतूनही नाही. मोटार कोठारात लपवलेली. सायमीनं उजाडायच्या आत कॉफी करून थर्मासमध्ये भरून ठेवली होती. दुपारपर्यंत घर इतकं गार झालं, की ती कोट घालून टेबलाशी बसली.

“कॅनरी बेटांवर या दिवसांत बरं असतं म्हणे,” ती म्हणाली.

“इतक्या लांब?”

“गेलोच आहोत, तर लांब जाऊ.”

तैस्तोनं विचारलं, की तू गुरुवारी वेलदोड्याचे गोड पाव ढीगभर भाजलेस ते कुठं आहेत? सायमी म्हणाली, “गेले.” कुठं गेले ते तिनं सांगितलं नाही. तो पडद्याच्या फटीतून बाहेर बघत राहिला. त्याच्या अंगणातला खांब रिकामा होता, पण आजूबाजूच्या सगळ्या खांबांवर झेंडे होते. जो घरी नाही त्याच्यासाठी अख्ख्या गावानं झेंडे चढवलेले पाहून त्यानं पडद्याची फट आणखी बारीक केली.

मग माणसं मैदानात जमू लागली. वर्तुळाच्या पलीकडे बरेच दिवस ताडपत्रीखाली काहीतरी होतं. मैदानावर पाणी मारून स्केटिंगसाठी बर्फ गोठवायचा पंप बसवतायत, अशी तैस्तोची समजूत होती. त्या ताडपत्रीभोवती ठेवणीतले कपडे घातलेला गाव उभा राहिला. बँड आला. ओइवा, जो क्रीडामंडळाचा अध्यक्षही होता, टाय लावून इकडून तिकडे करत होता.

“पंपासाठी बँड?” तैस्तो म्हणाला.

सायमीनं कप खाली ठेवला. “आता ऐक,” ती म्हणाली. “मला शपथ घातली होती, म्हणून बोलले नाही. तो तुझा दगड आहे.”

तिनं सगळं सांगितलं. वर्षभर गावानं आपापसांत वर्गणी आणि अंगमेहनत करून त्याच्या सन्मानासाठी नदीकाठचा एक मोठा काळा दगड आणला होता. त्याच्यावर नेस्तोरीचा तो लोहारानं घडवलेला गोळा बसवला होता. वाढदिवसाच्या दिवशी तैस्तोला हात धरून तिकडं न्यायचं ठरलं होतं. पाव तिकडंच गेले होते. बँड आणि पंचायतीचे अध्यक्ष आधीच ठरवलेले, त्यामुळे जाहिरात वाचल्यावर दिवस बदलता येईना. मंडळाची बैठक झाली. एक-दोघांनी सुचवलं, की जाऊन त्याला सांगून टाकू. पण जो माणूस प्रवासात आहे म्हणून छापून आलंय, त्याच्या दारावर थाप मारायची म्हणजे त्याला तोंडावर खोटा म्हणण्यासारखंच. ते कुणाला जमलं नाही. ओइवा म्हणाला, की तो परत आला की बघेल.

“आणि तू?” तैस्तोनं विचारलं.

“मी काय? तू मला तरी विचारलंस?”

त्यानं टोपी उचलली. मग परत ठेवली. “जाऊ का?”

“कॅनरी बेटांवरून?” सायमी म्हणाली. तिच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता.

तो जाऊ शकत नव्हता, हे त्यालाही दिसत होतं. समोर अख्खा गाव उभा होता आणि एकजात सगळ्यांनी, म्हाताऱ्यांनी, पोरांनी, बँडवाल्यांनीसुद्धा, त्याच्या खिडकीकडे पाठ केली होती. मुद्दाम. तो घरात आहे हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तो घरात नाही या त्याच्या शब्दाची लाज सगळे मिळून राखत होते. आता दार उघडून बाहेर पडणं म्हणजे इतक्या पाठींवर एकदम थुंकणं.

ताडपत्री निघाली. दगड चांगला होता. टाळ्या वाजल्या त्या हातमोज्यांमुळे इथपर्यंत आल्या नाहीत. पंचायतीचे अध्यक्ष बोलले, ते ऐकू आलं नाही याचं कुणालाच दुःख झालं नसतं. मग ओइवानं दुधाच्या कॅनाचा एक जुना लाकडी ओटा पुढे ढकलला, आणि त्यावर नेस्तोरी चढला.

गर्दीची पाठ खिडकीकडे होती, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड खिडकीकडे होतं. नेस्तोरीनं टोपी काढली. त्याचे पांढरे केस वाऱ्यानं उभे राहिले. तो माणसांवरून, त्यांच्या टोप्यांवरून, थेट पडद्याच्या फटीकडे बघत होता. आणि बोलू लागला.

तो बोलतच राहिला. तैस्तोनं इतक्या वर्षांत त्याचं तोंड एवढा वेळ हलताना पाहिलं नव्हतं. एकदा त्यानं दोन्ही हात पोटाशी धरले, काहीतरी गरम सांभाळावं तसे. त्यावर बायकांच्या खांद्यांत काहीतरी हललं. एकदा तो थांबला, खाली बघितलं आणि मग परत खिडकीकडे बघून एक छोटं वाक्य बोलला. तैस्तोला ते दिसलं. ऐकू आलं नाही.

त्या भागात हिवाळ्याआधी खिडक्यांना आतून दुसरी तावदानं बसवतात, मधल्या फटीत कापूस भरतात आणि कडेनं कागदाची पट्टी खळीनं चिकटवतात. गेल्याच आठवड्यात तैस्तोनं ते काम केलं होतं. तो हे काम चांगलं करायचा. गावात कुणाच्या खिडक्या हुक्कालांइतक्या घट्ट नसत, असं ओइवाच म्हणायचा.

तैस्तोनं डाव्या हाताच्या नखांनी पट्टी ओरबाडली. खालची निघाली, बाजूची अर्धवट फाटली. वरची कडी, जी बसवताना सायमीनं लावली होती, उघडायला दोन्ही हात वर न्यायला हवे होते. त्यानं उजवा वर नेला. छातीपर्यंत गेला, आणि तिथं थांबला. त्यानं डाव्या हातानं उजवा हात कोपरापाशी धरून वर ढकलला, जसा कधीकाळी गोळा ढकलायचा, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून सायमी उठली.

“बाजूला सर,” ती म्हणाली. खुर्चीवर चढून तिनं कडी काढली, तावदान ओढलं, कापूस फरशीवर पडला. बाहेरची खिडकी रंगानं चिकटली होती. तिनं पोळपाटासारखा एक जाड लाकडी पाट घेऊन चौकटीवर ठोकला. खिडकी उघडली. थंड हवा आत आली, आणि तिच्याबरोबर बँड. नेस्तोरी टोपी घालत होता.

तैस्तो परत यायला आठवडा लागला. त्याहून लवकर कॅनरी बेटांवरून कुणी येत नाही. ओइवा भेटायला आला.

“ऊन कसं होतं?”

“होतं.”

“लाल नाही झालास.”

“ढग होते.”

ओइवानं मान डोलावली. तुझा दगड बसवलाय, तो म्हणाला, जमेल तेव्हा बघ. मग थोड्या वेळानं, कपात बघत, म्हणाला की नेस्तोरी बोलला.

“काय बोलला?”

ओइवानं प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. बरंच बोलला, तो म्हणाला. पण नेस्तोरी एवढा बोलतोय याचंच मला इतकं नवल वाटत होतं, की शब्दांकडे लक्षच गेलं नाही. वारापण चर्चच्या बाजूला होता. बायका रडल्या मात्र.

“कोणत्या वाक्याला?”

“ते आता कसं सांगू?” ओइवा म्हणाला. “तू असायला हवा होतास.” हे म्हणताना त्यानं तैस्तोकडे पाहिलं नाही. सभ्य माणूस होता.

सायमीनं बायकांना विचारून पाहिलं. कुणी म्हणालं, सुंदर होतं. कुणी म्हणालं, असल्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून सांगायच्या नसतात. बेकरीवाल्या बाईला डाव्या पायाबद्दल काहीतरी आठवत होतं, पण ते चांगलं होतं की वाईट हे तिला सांगता येईना.

शेवटी नोव्हेंबरात, पहिला बर्फ टिकल्यावर, तैस्तो नेस्तोरीकडे गेला. नेस्तोरी बंद पडलेल्या दूधसंघाच्या वरच्या खोल्यांत एकटाच राहायचा. वाटेत तैस्तोनं वाक्य तयार केलं होतं : मी घरातच होतो, पण खिडकी बंद होती, तर तुम्ही काय म्हणालात ते परत सांगाल का? वाक्यात कठीण काही नव्हतं. नेस्तोरीनं कॉफी ओतली. दोघं बराच वेळ बर्फाकडे बघत बसले, सौनाच्या पायरीवर बसावं तसे. खूप वर्षांनी तैस्तोला बरं वाटत होतं, आणि म्हणून वाक्य निघत नव्हतं.

नेस्तोरीच आधी बोलला. “मी खिडकीकडे बघून बोललो.”

“हो,” तैस्तो म्हणाला.

“पडदा हलला. पाहिलं मी.”

“हो.”

“लिहून आणलं नव्हतं. तसलं मला जमत नाही. एकदाच जमलं.” म्हाताऱ्यानं बशी बाजूला सरकवली. “ऐकलंस ना?”

आता त्याला सांगायचं, की त्याच्या आयुष्यातलं एकमेव भाषण दोन काचा आणि कापसात अडकलं. म्हणजे परत ओट्यावर चढ असं सांगायचं. तैस्तोनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत नेस्तोरीनं त्याला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत होता.

“ऐकलं,” तैस्तो म्हणाला.

“मग झालं.” नेस्तोरीनं श्वास सोडला. “परत सांगायला लावू नकोस.”

“नाही.”

थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं, खिडकीबाहेर बघतच, विचारलं, “कसं होतं?”

तैस्तोनं कप उचलला. डाव्या हातानं. “बरं होतं,” तो म्हणाला.

नेस्तोरी हसला की काय, ते त्याला नीट कळलं नाही. तो पाठमोरा होऊन कॉफीचं भांडं परत ठेवायला गेला होता. फेब्रुवारीत तो वारला.

पुढच्या शरदात तैस्तोनं नेहमीसारखी सगळ्या खिडक्यांना आतली तावदानं बसवली, कापूस भरला, पट्ट्या चिकटवल्या. फक्त स्वयंपाकघरातली मैदानाकडची खिडकी तशीच सोडली. डिसेंबरात टेबलाशी बसलं की पाय गारठायचे. सायमीनं दोन आठवडे सहन केलं, मग म्हणाली, “तिथं आता कोण बोलणार आहे?”

तैस्तोनं आणखी एक स्वेटर चढवला. डोकं आत घातलं की उजवी बाही सायमीलाच ओढून द्यावी लागते. तिनं ती ओढून दिली.